ड्युटी बदलताना

नमस्कार, श्रोतेहो.

आरोग्यसेवा सुधारायची म्हटलं की बोलणं बहुतेक वेळा इमारती आणि यंत्रांवर येऊन थांबतं. खाटा किती, डॉक्टर किती, रुग्णवाहिका किती वेळात येते. हे प्रश्न खरे आहेत. जिथे कोसभर दवाखानाच नाही, तिथल्या माणसाला आधी दवाखानाच हवा. पण आज मला दाराच्या आत काय घडतं त्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे होणारं नुकसान आपल्याला वाटतं त्याहून फार मोठं आहे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१८ साली कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. ज्या आजारांवर उपचार आहेत, अशा आजारांनी या देशांत दरवर्षी ८० लाखांहून जास्त माणसं दगावतात. त्यातली सुमारे ३६ लाख माणसं आरोग्यसेवेपर्यंत गेलीच नव्हती. उरलेली सुमारे ५० लाख मात्र पोहोचली होती. त्यांना सेवा मिळाली, पण ती पुरेशी चांगली नव्हती. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना थडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली तीन उशीर सांगितले होते. घरातून निघायचं ठरवण्यात झालेला उशीर, वाटेतला उशीर, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यातला उशीर. पहिल्या दोन उशिरांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तिसरा बाहेरून दिसत नाही. तो नेमका कुठे घडतो?

समजा, सकाळचे आठ वाजले आहेत आणि वॉर्डात ड्युटी बदलते आहे. रात्रपाळीच्या सिस्टरना ठाऊक आहे की अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजींचं रक्त पहाटे तपासायला गेलंय. पोटॅशियमचा रिपोर्ट यायचा आहे आणि तो पाहून सलाईन तेच ठेवायचं की बदलायचं हे ठरणार आहे. केसपेपरवर मात्र एवढंच लिहिलंय, 'रक्त पाठवले'. तेवढ्यात फोन वाजतो, एक नातेवाईक मध्येच काही विचारायला येतो, आणि 'बाकी सगळं ठीक आहे' असं सांगून सिस्टर निघतात. रिपोर्ट नऊला येतो, फाईलला लागतो. त्याची वाट पाहायची आहे हे कुणाला ठाऊकच नसतं, म्हणून तो कुणी उघडत नाही. दुपारी पोटॅशियम बिघडल्यामुळे आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि मग धावपळ सुरू होते.

यात कुणीही आळशी नव्हतं. दोघीही आपापल्या कामात तरबेज होत्या. माहिती एकीकडून दुसरीकडे जाताना गळली, आणि ती गळू नये अशी सोय वॉर्डात कुणी केलेली नव्हती. माझं ठाम मत आहे की रुग्णसेवेचा दर्जा सुधारायचा असेल तर सगळ्यात आधी या हस्तांतराकडे पाहायला हवं. पाळी बदलताना, एका वॉर्डातून दुसऱ्यात नेताना, छोट्या दवाखान्यातून मोठ्याकडे रेफर करताना, आणि घरी सोडताना.

ही नुसती तळमळ नाही, याला पुरावा आहे. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत डॉक्टरांना पाळी सोपवण्याची एक ठरलेली रीत शिकवली गेली. रुग्ण किती गंभीर आहे, थोडक्यात हकिकत काय, करायचं काय राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. पाचवी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याने ऐकलं त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. पाळी सोपवायला लागणारा वेळ मात्र फारसा वाढला नाही. 'आम्हाला वेळ कुठे आहे' या तक्रारीला हे चोख उत्तर आहे.

शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीची गोष्टही अशीच. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ साली आणली. भूल देण्याआधी, पहिला छेद देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबून ठरलेल्या गोष्टी मोठ्याने बोलायच्या. हाच रुग्ण ना? हीच बाजू ना? कसली ॲलर्जी आहे का? आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ती सक्तीची झाली, आणि २०१४ साली तिथला आढावा आला तर मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. यादी तीच होती. पण वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या जात असतील, आणि ज्युनिअर सिस्टरनी 'थांबा' म्हटल्यावर सर्जन खरंच थांबणार नसतील, तर त्या कागदाचा रुग्णाला काय उपयोग? यादी लावणं एका दिवसाचं काम आहे. खालच्या माणसाचा शब्द वरच्या माणसाने ऐकावा ही सवय लागायला वर्षं जातात, आणि ती फक्त प्रमुखांच्या वागण्यातून लागते.

आता घरी सोडण्याबद्दल. हे हस्तांतर सगळ्यात अवघड, कारण इथे सूत्रं ज्याच्या हाती जातात तो स्वतः आजारी असतो, थकलेला असतो, आणि त्याला एकदाचं घर गाठायचं असतं. रक्तदाबाची एक गोळी घरी आधीपासून चालू आहे. रुग्णालयातून तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहून दिलं जातं. पट्टीचा रंग वेगळा, नाव वेगळं. रुग्ण इमानेइतबारे दोन्ही घेतो आणि चार दिवसांनी चक्कर येऊन पडतो. 'समजलं ना?' असं विचारलं की माणूस हो म्हणतो. त्याऐवजी 'घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्याल ते मला सांगा' असं म्हटलं, तर घोटाळा तिथल्या तिथे सापडतो.

आणि समजावून सांगणं सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला येतं? जो प्रश्न विचारू शकतो, त्याच्या. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी मिळते. त्यांचं म्हणणं समाजाबद्दल होतं, पण एकाच वॉर्डातल्या दोन खाटांमध्येही ते दिसतं. वाचता न येणाऱ्या, एकट्याने आलेल्या रुग्णाजवळ पाच मिनिटं जास्त थांबायला हवं. प्रत्यक्षात तोच सगळ्यात लवकर बाहेर पडतो.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर एक फोन नंबर असायलाच हवा, रात्रीही उचलला जाणारा, आणि उचलणाऱ्यासमोर त्या रुग्णाची माहिती असायला हवी. जिथे अजून ही सोय नाही, तिथे निघण्याआधी तुम्हीच विचारा. आधीच्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या? कोणता रिपोर्ट यायचा राहिलाय, आणि तो आला की कोण पाहणार? काय झालं तर लगेच परत यायचं? समोरचे घाईत दिसले तरी विचारा, उत्तरं लिहून घ्या, आणि लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा.

नमस्कार.