मिशनवर मन खचतं तेव्हा

नमस्कार मंडळी. तुमच्यातल्या काही जणांना मिशनचा कॉल, म्हणजे आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चसाठी दोन वर्षं धर्मप्रचाराला जायचं बोलावणं आलंय, काही जण अजून त्याचे फॉर्म भरतायत, म्हणून आज मी फक्त छान छान गोष्टी सांगणार नाहीये, कारण मी निघालो तेव्हा मला सगळ्यांनी तेवढ्याच सांगितल्या होत्या आणि मग पहिला फटका बसला तेव्हा मला वाटलं की माझाच विश्वास कच्चा आहे.

राजमहेंद्रीची गोष्ट. एक गृहस्थ चार महिने आमच्याबरोबर शिकत होते, आपला धर्मग्रंथ, मॉर्मनचं पुस्तक, रात्री जागून वाचायचे, शनिवारी त्यांचा बाप्तिस्मा ठरला. नळाला जोर नव्हता, बाप्तिस्म्याची टाकी भरायला तीन तास गेले, पांढरे कपडे मी स्वतः इस्त्री केलेले, ब्रँचची, म्हणजे तिथल्या छोट्या मंडळीची, माणसं येऊन बसली, गीत झालं, प्रार्थना झाली, आणि ते आलेच नाहीत. फोन बंद. संध्याकाळी कळलं, मोठ्या भावाने सांगितलं होतं की गेलास तर या घरात परत पाय ठेवू नकोस. मी आणि माझा कंपॅनियन, म्हणजे मिशनवरचा जोडीदार, आम्ही दोघांनी टाकी रिकामी केली, फरशी पुसली, कपडे घडी करून ठेवले, एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. घरी फोन करावासा वाटला, पण तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे, बाकी आठवड्याला एक ईमेल. दर आठवड्याला फोन करायची मुभा २०१९ च्या फेब्रुवारीत आली, माझं मिशन तोवर संपलं होतं.

अशा वेळी आपल्याला सॅम्युएल स्मिथची, म्हणजे चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या भावाची, पहिल्या मिशनरींपैकी एकाची गोष्ट सांगतात. १८३० चा उन्हाळा, पाठीवर मॉर्मनच्या पुस्तकाच्या प्रतींची पिशवी, दारोदार नकार, एका खानावळवाल्याने हाकललं तेव्हा रात्र सफरचंदाच्या झाडाखाली काढली, बिचाऱ्याला वाटलं सगळं फुकट गेलं, पण त्याने दिलेल्या पुस्तकांतूनच पुढे १८३२ मध्ये ब्रिगहॅम यंग, जे नंतर चर्चचे दुसरे अध्यक्ष झाले, चर्चमध्ये आले. गोष्ट खरी आहे आणि मला आवडते, पण तिच्यात एक धोका आहे असं मला मनापासून वाटतं. आपण ऐकता ऐकता हिशोब धरून बसतो, की आज नकार तर उद्या फळ नक्की. आणि फळ आलंच नाही तर?

म्हणून मला ह्यू फिंडले जास्त जवळचा वाटतो. स्कॉटलंडचा माणूस, आपल्याच चर्चचा मिशनरी, १८५२ च्या सप्टेंबरमध्ये एकटाच मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांतून टीका, पाद्र्यांचा विरोध. मग पुण्याला आला, आणि लक्षात घ्या, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे एवढीच आगगाडी धावत होती, बोरघाट तसाच चढायचा. इथे आपल्या कॅम्पात सैनिकांमध्ये काम सुरू केलं तर लष्करी अधिकाऱ्यांनी कँटोन्मेंटमधून बाहेर काढलं. तरी तो राहिला, मुंबईत मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकासुद्धा छापली, पुण्यात जेमतेम डझनभर माणसांची ब्रँच उभी केली. १८५५ मध्ये तो भारत सोडून गेला, वर्षभरात इतर मिशनरीही निघून गेले, आणि ती ब्रँच टिकली नाही. मी कॅम्पातून जाताना कधी कधी उगाच थांबतो, इथेच कुठेतरी तो राहिला असेल म्हणून. त्याला फळ दिसलं नाही, तरी तो देवाशी विश्वासू नव्हता असं कोण म्हणेल?

अजून एक गोष्ट बोलायचीय, जी इथे सहसा कुणी बोलत नाही. माझा एक कंपॅनियन अकराव्या महिन्यात आजारी पडून घरी गेला. झोप नाही, जेवण नाही, हात थरथरायचे. घरी गेल्यावर त्याला देवळातल्या... म्हणजे चर्चमधल्या लोकांनी विचारलं, काय झालं रे, काय केलंस? दोन वर्षं पूर्ण केली नाहीत म्हणून त्याच्याकडे असं बघायचे जणू पळून आलाय. हात जोडून सांगतो, असं करू नका. त्या मुलाने अकरा महिने जे दिलं ते मी चोवीस महिन्यांत दिलं की नाही मला शंका आहे.

मग टिकायचं कसं? माझी आजी नगरची, पहाटे उठून भजन म्हणायची, ताप असला तरी, पुटपुटत का होईना. म्हणायची, मन लागो न लागो, नेम चुकवायचा नाही. मिशनवर साडेसहाला उठायचं असतं. त्या शनिवारनंतरच्या रविवारी मला उठायचं नव्हतं, प्रार्थनेत शब्दच येईनात, मी नुसता गुडघ्यावर बसून राहिलो, देवावर रागच होता खरं तर, आणि तेही त्याला सांगून टाकलं. पण उठलो.

मंगळवारी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. बाप्तिस्म्याचं विचारायला नाही, ते बरे आहेत ना एवढंच बघायला. ते दारात आले, मान खाली, आम्हाला काय बोलावं कळेना. शेवटी माझा कंपॅनियन म्हणाला, ब्रदर, प्यायला पाणी मिळेल का? ते आत गेले आणि स्टीलचे दोन ग्लास घेऊन आले. भाऊ मागे उभा होता, काही बोलला नाही. आम्ही ओट्यावर बसून पाणी प्यायलो.