वेल्डरच्या हाताला मेडल कोण देणार

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे वेल्डिंगमधले पुरस्कार, आणि मला माहितीये की हे ऐकून बरेच जण म्हणणार, वेल्डिंगला पण पुरस्कार असतात का? असतात की, भरपूर असतात, मेडल्स असतात, मानाची व्याख्यानं असतात, मोठ्या लोकांच्या नावाची पारितोषिकं असतात. माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनच्या बाजूला गेली, म्हणजे दुसऱ्यांनी मारलेले जॉइंट तपासायचे, पास करायचे नाहीतर रिपेअरला काढायचे, त्यामुळे ही मेडल्स कुणाला मिळतात आणि कुणाला मिळत नाहीत याबद्दल मला मनापासून काही बोलायचंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वेल्डिंग चांगलं झालंय की वाईट हे वरून बघून पूर्ण कळतच नाही. वरची कॅपिंग, म्हणजे शेवटचा थर, एकदम देखणी, लाटा अगदी एकसारख्या, आणि आत रूटला, म्हणजे सांध्याच्या तळाशी, फ्यूजनच झालेलं नाही, धातू वितळून एकजीवच झालेला नाही, असे जॉइंट मी कितीतरी बघितलेत. अंधाऱ्या खोलीत व्ह्यूअरवर एक्स-रेची फिल्म लावली की मग खरं काय ते दिसतं. जिथे मेटल कमी तिथे फिल्म काळी पडते, म्हणून गॅस अडकून झालेला ब्लो होल गोल काळा ठिपका दिसतो, रूट नीट भरलं नसेल तर मधोमध सरळ काळी रेघ येते, आणि टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने विजेचा आर्क लावून करायचं वेल्डिंग, करताना टंगस्टनचं टोक जॉबला लागून तुटलं असेल तर उलट पांढरा ठिपका, कारण टंगस्टन स्टीलपेक्षा जड, त्यातून किरण कमी जातात. आणि फिल्मवर काहीच दिसलं नाही, सगळीकडे सारखा राखाडी रंग, तर ते उत्तम काम. म्हणजे बघा, या धंद्यात सगळ्यात भारी कामाचा पुरावा काय, तर फिल्मवर बघण्यासारखं काही नसणं. अशा कामाला टाळ्या कोण आणि कशा वाजवणार, इथूनच सगळी अडचण सुरू होते.

जॉइंट फुटला की मात्र सगळ्यांचं लक्ष जातं. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभं होतं आणि उभ्या उभ्या मोठा आवाज होऊन जवळजवळ दोन तुकडे झालं. तो युद्धाचा काळ होता, रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, सोडून वेल्डिंगने धडाधड जहाजं बांधली जात होती, लिबर्टी जातीचीच २,७०० च्या वर बांधली गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जहाजांना तडे गेले. पहिलं बोट अर्थातच वेल्डिंगकडे गेलं. काही ठिकाणी वेल्डिंग खराब होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की ते स्टीलच थंडीत ठिसूळ पडत होतं, शिवाय डिझाइनमध्ये कोपरे धारदार ठेवलेले, आणि अखंड वेल्डेड सांगाड्यात एकदा तडा सुरू झाला की त्याला अडवायला मध्ये रिव्हेटचा जोड नाही. वेल्डरवर आलेला ठपका असा बराचसा धातूवर आणि ड्रॉइंगवर गेला, पण तो जायला वेळ लागला आणि तोपर्यंत जे बोलायचं ते सगळे बोलून झाले होते.

आता पुरस्कारांकडे येतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटी १९१९ साली सुरू झाली, पहिले अध्यक्ष कम्फर्ट अ‍ॅडम्स, हार्वर्डचे प्राध्यापक, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी नेमलेल्या वेल्डिंग कमिटीचं काम त्यांच्याकडे होतं, त्यातूनच ही संस्था उभी राहिली. त्यांच्या नावाचं मानाचं व्याख्यान १९४३ पासून चालू आहे, म्हणजे योगायोग बघा, जहाज फुटलं त्याच वर्षी. मग त्याच संस्थेचं मिलर मेडल आहे, लिंकन गोल्ड मेडल आहे जे संस्थेच्या मासिकातल्या सर्वोत्तम पेपरला मिळतं. युरोपात १९४८ साली १३ देशांच्या संस्थांनी मिळून इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंग काढली, तिचे पण पुरस्कार आहेत, उपयोजित संशोधनात आयुष्य घातलेल्यांसाठी येवगेनी पॅटन यांच्या नावाचं पारितोषिक, मूलभूत संशोधनासाठी योशिआकी अराता यांच्या नावाचं, तरुण संशोधकांसाठी आन्री ग्रांजाँ यांच्या नावाचं. हे पॅटन म्हणजे कीव्हमधला तो दीड किलोमीटरच्या वरचा अख्खा वेल्डेड पूल ज्यांनी उभा केला ते, १९५३ मध्ये पूल सुरू झाला आणि त्याच वर्षी काही महिने आधी ते वारले.

हे सगळे पुरस्कार योग्यच आहेत, त्यात दुमत नाही. संशोधन झालं नसतं तर प्रीहीट, म्हणजे आधीचा ताव, किती द्यायचा, कुठला रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, कुठल्या स्टीलला चालतो, रॉड ओव्हनमध्ये का तापवून ठेवायचे हे कुणाला कळलं असतं? पण यादी नीट बघा, बहुतेक ठिकाणी पेपर लिहिणारा, शिकवणारा, डिझाइन करणारा किंवा संस्थेचं काम करणारा माणूस आहे. रॉडचा होल्डर हातात धरून आठ तास उकिडवा बसणारा माणूस त्या यादीत फार क्वचित सापडतो, आणि हे मला खटकतं.

एक पुरस्कार मात्र मला फार आवडतो, तो माणसाला नाही, चक्क एका पुलाला मिळाला. पोलंडमध्ये मावझित्से नावाच्या गावाजवळ एका लहान नदीवर १९२८-२९ मध्ये रस्त्याचा पूल बांधला, स्तेफान ब्रिवा यांचं डिझाइन, जेमतेम २७ मीटर लांब, पण वेल्डिंगने बांधलेला तो जगातला पहिला रस्त्यावरचा पूल. पुढे वाहतूक वाढली तेव्हा तो मोडीत न काढता शेजारी सरकवून जपून ठेवला, आणि १९९५ मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने त्याला ऐतिहासिक वेल्डेड बांधकाम म्हणून सन्मान दिला. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूटचं पण उगो गुएरेरा नावाचं एक पारितोषिक आहे, ते उत्कृष्ट वेल्डेड बांधकाम उभं करणाऱ्या माणसाला किंवा टीमला देतात. अशा वेळी निदान कामाकडे बघितलं जातं, कागदाकडे नाही, आणि टीम म्हटल्यावर त्यात हात चालवणारे पण येऊ शकतात.

प्रत्यक्ष हाताची परीक्षा कुठे होते विचाराल तर वर्ल्डस्किल्स स्पर्धेत. १९५० मध्ये माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात सुरू झालेली ही स्पर्धा आता दोन वर्षांनी होते, देशोदेशीची मुलं-मुली येतात, आणि वेल्डिंग तिथे नेहमीचा विषय आहे. रॉड, मिग-मॅग, फ्लक्स कोअर, टिग, वेल्डिंगच्या या सगळ्या पद्धती करून दाखवायच्या. प्लेटचे आणि पाइपचे टेस्ट पीस, एक स्टीलचं प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणारी टाकी, एक अ‍ॅल्युमिनियमचं आणि एक स्टेनलेसचं काम. आता यातली गंमत ऐका, शेवटच्या थरावर ग्राइंडर मारायला परवानगी नाही, जसं पडलं तसं ठेवायचं. आणि टेस्ट प्लेटवर मधल्या भागात मुद्दाम थांबायला लावतात, परीक्षक बघून घेतात, मग तिथूनच पुन्हा आर्क लावायचा. ज्यांनी वेल्डिंग केलंय त्यांना कळेल हे किती अवघड आहे, कारण थांबलेल्या जागी खड्डा राहतो, क्रेटर, तिथेच बारीक तडा जातो, तिथेच स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमणारी मळी, अडकतो, आणि पुन्हा सुरू करताना आर्क थोडा मागे मारून खड्डा वितळवून पुढे जायचं असतं, सगळं दोन-तीन सेकंदांत, हात न थरथरवता. मग नजरेने तपासणी, एक्स-रे, काही तुकडे तोडून बघतात, आणि व्हेसलमध्ये पाणी भरून दाब चढवतात, थेंब आला की मार्क गेले. माझ्या मते परीक्षा कशी घ्यावी याचा हा आदर्श आहे, कारण इथे कुणाची ओळख, कुणाची भाषा, कुणाची डिग्री, काही कामाला येत नाही.

पण वयाची अट आहे, साधारण २२ पर्यंत. मुलगा तिथून मेडल घेऊन येतो, फोटो येतात, आणि मग पुढची पस्तीस वर्षं तोच हात दहापट चांगला होतो तेव्हा त्याला विचारणारं कुणी नसतं. बॉयलरच्या ट्यूबांच्या जंगलात, जिथे मागची बाजू डोळ्याला दिसतच नाही आणि छोट्या आरशात उलटं प्रतिबिंब बघून टिग मारावं लागतं, त्याला मिरर वेल्डिंग म्हणतात, ते काम करणारी माणसं साधारणपणे वयाने मोठीच असतात. त्यांच्यासाठी काय आहे? इन्स्पेक्टरसाठी आहे, अमेरिकन सोसायटी वर्षातला उत्तम इन्स्पेक्टर निवडते. शिकवणाऱ्यांसाठी आहे, हॉवर्ड अ‍ॅडकिन्स यांच्या नावाचा, आणि स्पर्धेत जिंकणारी मुलं घडवणाऱ्या शाळांसाठी पण आहे. हे फार चांगलं आहे, मास्तरला मिळालंच पाहिजे. फक्त चाळिशी-पन्नाशीच्या वेल्डरचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा आहे.

मग कंपन्या म्हणतात, आम्ही आमच्याकडे देतो की, महिन्याचा उत्तम वेल्डर. द्या, पण कशावर देता ते बघा. मी एका ठिकाणी होतो तिथे बक्षीस इंच-डायावर होतं, म्हणजे दिवसात किती इंच पाइप जोडला. परिणाम काय झाला, दोन थरांच्या मध्ये स्लॅग नीट काढायचा नाही, प्रीहीटला टॉर्च फिरवल्यासारखी करायची, रॉड ओव्हनमधून काढून उघड्यावर ठेवायचे. उघड्या रॉडला दमट हवा लागली की हायड्रोजन जॉइंटमध्ये शिरतो, आणि हायड्रोजनचा तडा लगेच येत नाही, कधी दोन दिवसांनी येतो, तोपर्यंत बक्षीस वाटून झालेलं. दुसरीकडे शून्य रिपेअरला बक्षीस ठेवलं की लोक अवघड जॉइंट घ्यायलाच तयार होत नाहीत, सपाटीला ठेवलेल्या सोप्या जॉबवर शून्य रिपेअर कुणीही दाखवेल. पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला, फिरवता येत नाही, वेल्डरने स्वतः भोवती फिरायचं, खालून ओव्हरहेड सुरू करून वर यायचं, त्याला सिक्स-जी म्हणतात, तिथला रिपेअर रेट आणि सपाटीचा रेट एका तराजूत घालणं हा अन्याय आहे. अवघडपणा धरून मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तब्येतीचं पण धरा. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, आर्कमधून येणाऱ्या अतिनील किरणांना पण. अमेरिकन सोसायटीचा सुरक्षा आणि आरोग्यासाठी वेगळा पुरस्कार आहे, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या शॉपमध्ये धूर ओढणारा पाइप खरोखर आर्कजवळ सरकवला जातो, छताखाली नुसता लटकत राहत नाही, त्या शॉपच्या सुपरवायझरला मेडल मिळायला हवं, त्याने किती माणसांची फुप्फुसं वाचवली ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

आता जे सुपरवायझर, इंजिनिअर, मालक ऐकतायत त्यांना थेट सांगतो. पुरस्कार आपोआप दाराशी येत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं, फॉर्म भरावा लागतो, शिफारसपत्रं लागतात, आणि वेल्डर हे स्वतः करत नाही, त्याला वेळही नसतो आणि सवयही नसते. ते तुम्ही करायचं. "अत्यंत मेहनती आणि प्रामाणिक" असलं काही लिहू नका, निवड समितीला त्यातून काही कळत नाही. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो, तो नंबर जॉइंटवर आणि रेकॉर्डवर असतो, तो धरून मागची पाच वर्षं काढा. कुठलं मटेरियल, कुठली पोझिशन, किती जॉइंटची फिल्म झाली, किती रिपेअरला गेले, आणि गेले ते का गेले, हे टेबल करून जोडा. सर्टिफिकेट जोडा पण सर्टिफिकेट म्हणजे कर्तबगारी नव्हे हे लक्षात ठेवा, आयएसओच्या नियमात तर दर सहा महिन्यांनी तो माणूस ते काम खरंच करतोय अशी सही लागते, ती प्रवेशाची अट आहे. त्याच्या हाताखाली शिकून किती जण टेस्ट पास झाले ते लिहा. त्याने कधी ड्रॉइंगमधली चूक दाखवली, कधी गॅप बरोबर नाही म्हणून काम थांबवलं आणि ते बरोबर निघालं, तर तारखेसह लिहा, कारण काम थांबवायला हिंमत लागते आणि त्याचं कौतुक त्या वेळी कुणी केलेलं नसतं.

एक शेवटचं, फॉर्मवर नावाला एकच ओळ असते. तरी सोबतच्या पत्रात फिटरचं, म्हणजे वेल्डिंगआधी तुकडे जुळवून देणाऱ्याचं, नाव टाका. रूट गॅप, म्हणजे दोन तुकड्यांमधली फट, दोन्ही बाजूंना सारखा, पाइपची तोंडं एका रेषेत, टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, योग्य जागी, हे फिटरने नीट दिलं म्हणून वेल्डरचं रूट एका दमात जातं, आणि चांगला वेल्डर तुम्हाला स्वतःच सांगेल की माझ्याबरोबर कोण फिटर होता ते पण लिहा. नमस्कार.