फुगडीला जागा हवी

[दृश्य : कोल्हापूर. पहाटेची तालीम, आखाडा, जोर मारणारी मुलं.]

आखाड्यातली ही तांबडी माती आधी चाळून घेतात. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मळत राहतात, तेव्हा ती मऊ होते आणि पडणाऱ्याला लागत नाही. कोल्हापुरात पेठापेठांतून तालमी आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि तरण्या पोरानं पहाटे उठून घाम गाळायचा ही इथली रीतच झाली. पोरांच्या व्यायामासाठी एका शहरानं जागा राखली, वस्ताद दिले, खुराकाची सोय केली.

[दृश्य : पुणे. पर्वतीच्या पायऱ्या, सकाळी सहा.]

पर्वतीच्या १०३ पायऱ्या. साठीनंतर माणसाची हालचाल घटते, असं जगभरचे आकडे सांगतात. इथे मात्र निवृत्त आजोबांची गर्दी आहे, कारण सकाळ त्यांच्या हातात आहे. कॉलेजची मुलंमुली आहेत, काही आज्याही आहेत. पस्तिशी-चाळिशीतली बाई शोधावी लागते. ती या वेळी पोळ्या लाटून डबे भरत असते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. २०२२ साली भारतातल्या निम्म्या प्रौढांची तेवढी होत नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, बायकांमध्ये ५७. ‘बायका आळशी झाल्यात’ म्हणणाऱ्यांनी लोकांचा वेळ कशात जातो याची सरकारचीच २०२४ची पाहणी बघावी. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात, पण दम लागत नाही. हालचालीच्या मोजणीत हे काम फारसं धरलंच जात नाही.

[दृश्य : मावळ. भाताची लावणी, इरली, चिखलातले पाय.]

खेड्यात चित्र वेगळं. ही मावशी सकाळपासून कमरेत वाकलेली आहे. तिची मिनिटं केव्हाच भरली. पण कधी थांबायचं हे ती ठरवत नाही, आणि रात्री कंबर धरते ती धरतेच. कष्टाला व्यायाम म्हणून तिची बोळवण करू नये.

[दृश्य : पालघर. तारपा, वारल्यांचा फेर.]

वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, असा हा तारपा. वाजवणारा मधोमध, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून फेर. एकाच फेरात पोरी आहेत, बापये आहेत, आजीही आहे. नाचायला बाईनं वेगळी परवानगी मागायची नसते, वयाचीही अट नाही. हालचाल वयावर आणि बाई-पुरुषावर जशी ठरते, तशी समाजाच्या रीतीवरही ठरते. ती रीत पाहायची असेल तर हा फेर पाहावा.

[दृश्य : मंगळागौरीचा कार्यक्रम. नऊवारी, झिम्मा, बसफुगडी, पिंगा.]

आणि ही मंगळागौर. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीनं पूजा करायची आणि रात्र जागवायची, ती खेळांनी. झिम्मा, आगोटापागोटा, लाट्या बाई लाट्या, सूप नाचवणं, तवाफुगडी. फुगडीची पकड बघा. हात तिढा घालून धरायचे, पावलं जवळजवळ चिकटवायची, अंग मागे झोकून द्यायचं. बसफुगडीत तर उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा. मांड्या भरून येतात. मध्यम हालचालीत बोलता येतं, गाता येत नाही, अशी डॉक्टरांची खूण आहे. इथे फुगडीनं वेग घेतला की गाणं आपोआप तुटतं आणि नुसता ‘फू’ उरतो.

या खेळणाऱ्या बहुतेक पन्नाशीपुढच्या आहेत, वर्षभर सराव करतात. पासष्टीनंतर तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत, असं आरोग्य संघटना सांगते. यांनी ते आधीच सुरू केले आहेत. अशा बायका थोड्या. मौजेखातर अंग हलवणारे दहातले एकही भरत नाहीत, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या काही राज्यांतल्या पाहणीत दिसलं. त्यात महाराष्ट्रही होता. आणि देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत.

[दृश्य : उद्यानाचं बंद फाटक, दुपार.]

घरातलं आवरून बाई मोकळी होते ती दुपारी. शहरातली कितीतरी उद्यानं नेमकी तेव्हाच बंद. शाळांची सभागृहं सुट्टीच्या दिवशी रिकामी पडलेली असतात. प्रत्येक प्रभागात एक सभागृह दुपारी दोन ते चार बायकांसाठी उघडा, भाडं न घेता. आणि त्या दोन तासांत घरचा चहा दुसऱ्या कुणी तरी करावा.