दगडातला ल

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. मी फॉन्ट बनवतो, आणि गेली तीन वर्षं माझ्या रविवारच्या सकाळी पुण्यात कॅम्पाकडच्या एका जुन्या सिमेट्रीत जातात. सुरुवातीला आई विचारायची कुठे चाललास, आता नुसती बघते.

कबरीच्या दगडावरून फॉन्ट, हे ऐकायला जरा कसंतरी वाटतं, पण यात नवीन काही नाही. बास्करव्हिल नावाचा फॉन्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल, तो ज्याच्या नावाचा आहे तो माणूस अठराव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये आधी थडग्याचे दगड कोरून द्यायचा, त्याने धंद्याच्या जाहिरातीसाठी कोरलेली स्लेटची पाटी अजून शिल्लक आहे. आणि सिनेमाच्या पोस्टरवर सारखा दिसतो तो ट्रेजन, तो कॅरोल ट्वॉम्ब्ली या डिझायनरने १९८९ मध्ये रोममधल्या ट्रेजन स्तंभाच्या अक्षरांवरून केला. त्या स्तंभाच्या पायात ट्रेजन बादशहाच्या अस्थी ठेवल्या होत्या, म्हणजे तोही कबरीचाच दगड की!

आपल्याकडे इंग्रजी कबरींच्या शेजारी मराठी ख्रिस्ती कुटुंबांचेही दगड असतात, त्यावर देवनागरी. मला ती हवी होती. फोटो काढायचे तर सकाळी साडेसातच्या आत, ऊन तिरपं पडतं तेव्हाच खाचेत सावली बसते आणि अक्षर उठून दिसतं, बारा वाजता गेलात तर कोरा दगड बघून घरी याल. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. एकदा मदतीला आलेला एक मुलगा तारेचा ब्रश घेऊन आला, त्याला मी आधी चहा पाजला आणि मग ब्रश काढून घेतला.

आता खरी भानगड ऐका. फोटो कॉम्प्युटरवर टाकून नुसता गिरवला की झाला फॉन्ट, असं लोकांना वाटतं. संगमरवर पावसाच्या पाण्याने हळूहळू झिजतो, त्यातल्या अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि ती गोलाई तुम्ही गिरवलीत तर तुम्ही पाथरवटाचा हात नाही, पुण्याचा पावसाळा गिरवलात! मी पहिले चार महिने नेमकं हेच केलं, सगळी अक्षरं साबणाच्या वडीसारखी दिसायला लागली, शेवटी सगळं डिलीट मारलं. मग एक काळ्या दगडाची कबर सापडली. बसाल्ट कडक, टाकी जिथे थांबली तिथे कडा तशीच आहे. तिथे बोट फिरवलं तेव्हा कळलं की काना वर रुंद आणि खाली येताना निमुळता होत जातो, संगमरवरावर हे दिसतच नव्हतं.

आणि ल. दोन पाकळ्यांचा, आपला. श देठाचा. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हेच दोन मराठीसाठी प्रमाण धरलेत, पण कॉम्प्युटरला ते आपोआप कळत नाही, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, हिंदीतला उभ्या दांड्याचा ल आणि मराठी ल यांचा कोड एकच आहे, कुठला आकार दाखवायचा ते मजकुराला कुठली भाषा लावलीय त्यावरून फॉन्ट ठरवतो. मी दोन्ही आकार फॉन्टमध्ये घातले (हिंदीवाल्यांनीही वापरावा म्हणून, उगाच मोठेपणा!), आणि प्रदर्शनाचं पोस्टर छापायला टाकलं. छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला भाषा हिंदी लावलेली. आठ फुटी पोस्टर, मथळ्यात सगळे ल उत्तरेचे. उद्घाटनाला आलेल्या एका आजोबांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "हे तुम्ही सिमेट्रीतून आणलंत की लखनौहून?" घरी जाऊन पहिलं काम केलं, मराठी आकार डिफॉल्ट, हिंदीवाल्यांनी भाषा लावून घ्यावी.

अजून एक गंमत म्हणजे दगडावर सगळी अक्षरं मिळत नाहीत. जन्म, मृत्यू, प्रभू, शांती, प्रिय आणि तारखा, एवढ्यावर तीन वर्षं काढलीत. आकडे भरपूर, दहाच्या दहा. न, म, य, र पोत्याने. पण ठ? ढ? ङ तर विचारूच नका. ते मी ट आणि ड वरून बांधलेत, आणि फॉन्टसोबतच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलंय की ही माझी, दगडाची नाहीत. कोणी म्हणतं कशाला सांगता, कोणाला कळणार आहे. कळणार नाही म्हणूनच लिहिलंय.

ळ सुद्धा नव्हता बरं का. मराठी फॉन्ट आणि ळ नाही! गेल्या ऑगस्टमध्ये कुंपणाजवळचं गवत कापलं तेव्हा एक तिरका दगड दिसला, कुण्या शिक्षिकेचा असणार, "शाळेत" एवढाच शब्द वर आहे, बाकीची ओळ जमिनीत. त्यातही ळ चा खालचा अर्धा भाग मातीखाली. बोटाने माती उकरायचा मोह झाला होता, पण तिथले केअरटेकर काका समोर उभे होते. त्यांनी कमिटीला विचारतो म्हणून सांगितलंय. तोपर्यंत फॉन्टमधला ळ वरून दगडाचा आहे आणि खालून माझा.