ओंडक्याचे बारा वाजतात तेव्हा

(दृश्य: ओलं गवत. चिखलाने माखलेला बूट. बुटाच्या टोकाला लोखंडी पातं.)

हे पातं नीट बघा. हा हातोडाफेकीचा बूट, स्कॉटलंडच्या हायलँड गेम्समधला, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या पारंपरिक खेळांमधला. माणूस मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, दोन्ही पायांची पाती मातीत रुतवतो आणि हातोडा डोक्याभोवती गरगर फिरवतो. पाय मात्र जागचे हलायचे नाहीत. ऑलिंपिकमध्ये दिसतो तो हातोडा म्हणजे तारेला लावलेला गोळा. तिथे खेळाडू स्वतःच भोवऱ्यासारखा फिरतो. इथला दांडा सरळ आणि कडक, आणि फिरतो फक्त हातोडा. आधी 16 पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. नंतर 22 पौंडांचा, दहा किलोचा.

(दृश्य: हातोडा हवेत. गवतावर धप्प. मागे ढगांत बुडालेले डोंगर.)

स्कॉटलंडच्या ईशान्येला, डी नदीच्या खोऱ्यात ब्रेमार नावाचं गाव आहे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी इथे हायलँड गेम्स भरतात. स्कॉटलंडभर उन्हाळ्यात असे खेळ गावोगाव होतात, पण गर्दी खेचतं ते ब्रेमार, कारण बाल्मोरलचा राजवाडा इथून जवळ. 1848 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे आली, आणि तेव्हापासून राजघराण्याची पावलं या मैदानाला लागत आली आहेत. दुपारी गाड्यांचा ताफा येतो, लोक उभे राहतात, कॅमेरे तिकडे वळतात.

आमचा कॅमेरा नाही वळला. त्या वेळी इकडे ओंडका उभा राहत होता.

(दृश्य: चार-पाच जण ओंडका उभा करताना. खेळाडूचे तळहात, जवळून.)

याला म्हणतात केबर. झाडाचं अख्खं खोड, साल काढलेलं, एका टोकाला निमुळतं. ब्रेमारचा केबर सुमारे सहा मीटर लांब आणि साठ किलोच्या आसपास. वजनाचं काय, साठ किलोची गोणी हमालही पाठीवर घेतो. पण ही गोणी दोन मजले उंच आहे, आणि तिचं जड टोक वर आहे.

मदतनीस ओंडका निमुळत्या टोकावर उभा करतात. खेळाडू तो खांद्याला टेकवतो, बोटांत बोटं अडकवून मिठी मारतो आणि हळूहळू खाली बसत जातो. हात खोडावरून घसरत खालच्या टोकाशी येतात. तळहात खाली सरकवायचे, ओंजळ करायची, आणि उठायचं. इथेच निम्मे जण हरतात. ओंडका डुलतो, त्याच्या मागे माणूस डुलतो, आणि पंच पांगतात.

(दृश्य: खेळाडू धावतो. मंद गतीत.)

तो पळताना दिसतो तेव्हा वाटतं, ओंडक्याच्या पाठी लागलाय. खरंही तेच आहे. वरचं टोक पुढे झुकायला लागलं की त्याच्याखाली राहण्यासाठी पळावंच लागतं. मग एकदम थांबायचं, आणि सगळा जोर लावून हात वर झुगारायचे. जड टोक जमिनीवर आपटतं, निमुळतं टोक आभाळात जातं, क्षणभर खोड उभं राहतं...

(तीन सेकंद निवेदन नाही.)

...आणि पलीकडे कोसळतं.

ओंडका किती लांब गेला, हे इथे कुणी मोजत नाही. पंच मागून धावत असतो, तो बघतो दिशा. मनातल्या मनात जमिनीवर घड्याळ आखलेलं असतं. खेळाडू सहाच्या आकड्यावर. उलटलेला ओंडका समोर, नाकासमोर, बारावर पडला तर ती फेक अचूक. अकरावर किंवा एकवर पडला तर कमी. आपल्याकडे एखाद्याचे बारा वाजले म्हणजे काय होतं ते सांगायला नको. इथे त्याच बारासाठी माणसं वर्षभर घाम गाळतात.

आणि कुणालाच उलटवता आला नाही, तर? जुनी रीत अशी, की करवत आणायची आणि जड टोकाचा एक तुकडा कापून टाकायचा. पुन्हा प्रयत्न. पुन्हा करवत. एका गावचा ओंडका म्हणूनच दुसऱ्या गावासारखा नसतो.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. जगभरच्या मैदानांवर गोळा सारखा, अंतर सारखं, म्हणून विक्रमांची तुलना होते. इथे ओंडका गावचा, धोंडा नदीचा. ब्रेमारच्या दगडफेकीतला दगड 28 पौंडांचा, जवळपास तेरा किलोचा, आणि तो धाव न घेता, उभ्या जागेवरून ढकलायचा. शेजारच्या गावाचा नियम वेगळा असेल, तर असू दे. शंभर वर्षांपूर्वीचा गडी याच ओंडक्याशी झुंजला असता तर काय झालं असतं, हा वाद मात्र इथल्या दारूच्या गुत्त्यात रंगतो.

(दृश्य: दोन मोठे दगड, वर लोखंडी कड्या. मागे पूल.)

वादाचं नाव बहुतेक वेळा एकच असतं, डोनाल्ड डिनी. जन्म 1837, याच डी नदीच्या काठचा. बाप रॉबर्ट गवंडी. पॉटार्क इथल्या पुलाच्या डागडुजीत परांची टांगायला वजन म्हणून वापरलेले हे दोन दगड. एक 144 किलोंच्या वर, दुसरा 188 किलो. 1860 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डिनीने एका हाताला एक असे दोन्ही दगड उचलून पुलाच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नेले असं सांगतात. अंतर पाच मीटरच्या आसपास. पुढे त्याने अमेरिका पाहिली, ऑस्ट्रेलिया पाहिला, खेळावर पैसा मिळवला. दगड इथेच राहिले. आजही जगभरातून लोक येतात, कड्यांना हात घालतात. बहुतेकांच्या वाट्याला फक्त कड्यांचा आवाज येतो. 1979 मध्ये जॅन टॉड या अमेरिकन बाईने ते उचलले.

(दृश्य: पाइप्सचा आवाज आधी, चित्र नंतर. एकटा वादक, समोर तीन पंच.)

मैदानाच्या कडेला, मुद्दाम गर्दीपासून दूर, हा बॅगपाइप वाजवतोय, काखेतल्या पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य. या वादनप्रकाराला पिब्रोक म्हणतात. एक संथ चाल, तिचे एकाहून एक गुंतागुंतीचे विस्तार, आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. पंधरा मिनिटंसुद्धा लागतात. खांद्यावरच्या तीन नळ्या एकच सूर धरून ठेवतात आणि बोटांखाली फक्त नऊ स्वर. सनईवाल्याच्या मागे बसून सूर धरणारा आठवा, म्हणजे कान लगेच रुळतो. पर्यटक दोन मिनिटं थांबतात आणि निघतात. त्यांना बँड हवा असतो.

(दृश्य: बँडची संचलनं. चौकड्यांचे किल्ट, म्हणजे पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार घागरे.)

बँड देखणा आहेच. पण या चौकड्या अनादि काळापासूनच्या आहेत असं दुकानदार सांगतील, त्यावर जाऊ नका. घराण्यागणिक ठरलेली चौकडी ही बरीचशी 1800 नंतरची गोष्ट. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळं शहर किल्टमध्ये सजवलं. त्याच्या जेमतेम 40 वर्षं आधीपर्यंत हायलँडच्या पुरुषांना किल्ट घालायला कायद्याने मनाई होती. 1746 मध्ये राजाविरुद्धच्या बंडात हायलँडवाले कलोडनची लढाई हरल्यावर आलेली ती बंदी 1782 मध्ये उठली. पाइप्सवरही बंदी होती असं गाइड हमखास सांगतात. कायद्यात मात्र पाइप्सचं नावही नाही. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकून लावलं, गावं ओस पडली, माणसं कॅनडा-अमेरिकेला गेली.

बंदीच्या काळातही एक सवलत होती: फौजेत गेलात तर किल्ट घाला. बंदी उठून एकवीस वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या जालना जिल्ह्यात, असईच्या मैदानावर, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर इंग्रजांची 74वी आणि 78वी हायलँड पलटण उभी होती. 74व्या पलटणीची जबर हानी झाली. तिच्या निशाणावर पुढे हत्ती आला.

(दृश्य: रबरी बुटातली मुलगी, आईच्या कडेवर.)

ही साताठ वर्षांची असेल. पायात नाचाचे मऊ बूट, त्यावर बापाचे मोठे रबरी बूट, आणि चिखल लागू नये म्हणून आईने कडेवर घेतलेली. मंचाशी येऊन रबरी बूट काढले. मंचावर दोन तलवारी, एकमेकींवर आडव्या. त्यांच्या चार कोनांत पाऊल टाकायचं, पातं हललं की गुण गेले.

(दृश्य: पावलं, जवळून. तलवारी स्थिर.)

हा नाच एके काळी पुरुषांचा होता. आज मंचाखालची रांग बघा.

(दृश्य: डोंगर. उतारावर हलणारे ठिपके.)

ते ठिपके म्हणजे माणसं. मॉरोन डोंगरावर चढून परत यायची शर्यत. आख्यायिका सांगते, अकराव्या शतकात राजा माल्कमला निरोप्या हवा होता, म्हणून त्याने गड्यांना इथल्याच एका डोंगरावर पळवलं. आमची लेन्स तिथवर पोचली नाही, पण शेवटचा गडी परतेपर्यंत टाळ्या वाजत होत्या, त्या ऐका.

(दृश्य: संध्याकाळ. रिकाम्या खुर्च्या. ओंडका गवतात आडवा.)

गाड्यांचा ताफा केव्हाच गेला. चार जण आलेत. दोघं या टोकाला, दोघं त्या. एकाने हात सरकवले, दुसऱ्याकडे बघून मान हलवली. खोडावर आजचा चिखल तसाच.

(उचलतात. चौकटीबाहेर जातात. गवतावर ओंडक्याचा दाबलेला पट्टा.)