मॅडम, तुम्हाला तेलुगू येतं का?

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, चादरीचा कारखाना, जकार्ड माग चालू. सुरुवातीला फक्त आवाज.)

आवाज कमी केलेला नाही आम्ही, मुद्दाम. इथं काम करणाऱ्याच्या कानात पाळीभर हाच आवाज असतो, आणि वर ते पुठ्ठ्याचे पट्टे एकाला एक बांधून फिरताना दिसतायत ना, ती जकार्डची कार्डं. त्यात भोकं पाडलेली असतात, त्या भोकांवर ठरतं की ताण्यातली कुठली तार वर उचलायची आणि कुठली खाली ठेवायची, म्हणजे चादरीवर मोर येणार का फूल येणार ते सगळं पुठ्ठ्यात आधीच लिहिलेलं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते तर तुम्हाला माहीतच असेल. दोन मागांमध्ये जी अरुंद गल्ली दिसतेय तिच्यावर जरा लक्ष ठेवा, पुढं तिचं काम आहे.

हात दिसतायत ते जॉबरचे. माग अडला, आवाज बदलला की पाना घेऊन पळतो तो जॉबर. चेहरा आणि नाव दाखवायचं नाही ही त्यांची अट होती, आपण त्यांना अण्णा म्हणू. त्यांनी आपल्याला जमेल असा थेरपिस्ट कसा शोधला, त्याची ही गोष्ट. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-मराठी-हिंदीची खिचडी, पोरांच्या शाळेत मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची, कितीतरी पिढ्या इथंच गेल्या.

(एडिटर म्हणाला इथं ताणाबाणा आणि माणसाचं मन असं एक वाक्य टाक, मस्त बसेल. नाही टाकलं.)

(दृश्य: गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदान, शेवटी शोभेचं दारूकाम.)

हे गेल्या जानेवारीतलं शूटिंग. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, तो एवढा उंच नंदीध्वज कमरेला पेलत चालायचं म्हणजे खायचं काम नाही. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम, आणि मग दारूकामाच्या रात्री होम मैदानावर अख्खं सोलापूर, बाजूच्या गावांतून आलेली माणसं वेगळीच, पाळणे, भेळ, लहान पोरं खांद्यावर.

असल्याच एका गड्ड्यात, काही वर्षांपूर्वी, अण्णा बायकोपोरांना घेऊन गर्दीत उभे होते. वर फटाके फुटत होते आणि अण्णांना वाटलं आपण मरतोय. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घाम, श्वास पुरेना, डोळ्यांसमोर सगळं लांब गेल्यासारखं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. मध्यरात्री घरी. पुढच्या आठवड्यात रात्रपाळीत परत तेच, त्याच मघाच्या गल्लीत, दोन्ही बाजूला माग चालू आणि बाहेर पडायला एकच वाट. परत ईसीजी. मग टूडी एको, मग थायरॉइड, सगळं नॉर्मल. हे तपासून घेणं बरोबरच आहे हां, धडधड म्हटली की आधी हृदय आणि थायरॉइड बघायलाच पाहिजे. पण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर माणसाला जे ऐकायला मिळतं ते म्हणजे "काय नाय झालंय, टेन्शन घेऊ नका." टेन्शन कसं घ्यायचं नाही ते कुणी सांगत नाही.

मग लिंबू उतरवून झालं, देवऋषी झाला, कारखान्यात एक जण हसत म्हणाला, "काय बे, येरवड्याला सोडून येऊ काय?" तो गमतीनंच म्हणाला असेल. त्यानंतर अण्णांनी कुणालाच काही सांगितलं नाही. गल्लीत जायचं टाळायचे, सिटी बस टाळायचे, शनिवारी संध्याकाळी नवी पेठेत जायचं टाळायचे, खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, आणि कुठंही गेले तरी दाराजवळ उभं राहायचे.

(दृश्य: सिव्हिल हॉस्पिटलचं गेट, केसपेपरची रांग, लांबून.)

सिव्हिलचं हे एवढंच दिसेल, आत कॅमेरा नेला नाही. इथल्या मानसोपचार विभागात पहिल्यांदा कुणीतरी अण्णांना त्रासाचं नाव सांगितलं, पॅनिक डिसऑर्डर. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि थेरपी, म्हणजे बोलून करायचे उपचार, ते पण घ्या म्हणाले.

आता इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून पटकन सांगून टाकतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, त्याचं शिक्षण मानसशास्त्राचं, वर दवाखान्यातलं प्रत्यक्ष ट्रेनिंग, आणि आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्याची नोंदणी असते, नंबर असतो, आणि तो नंबर किंवा नाव टाकून त्यांच्या वेबसाइटवर बघता येतं. आणि काउन्सेलर, यात मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारेही आले आणि दोन दिवसांचं वर्कशॉप करून बोर्ड लावणारेही आले. बाहेरून बोर्ड सारखाच दिसतो.

अण्णा थेरपीसाठी पहिल्यांदा ज्यांच्याकडं गेले ते माणूस म्हणून वाईट नव्हते. एसी होता, सोफा होता, सकाळी लवकर उठा, पॉझिटिव्ह विचार करा, ध्यान करा असं सांगायचे. अण्णा मान हलवायचे. आम्ही विचारलं, मग सोडलं का? तर म्हणाले, "छातीत काय होतंय ते मराठीत सांगायला गेलो की मी गाळून गाळून सांगायचो ओ. दुकानात बोलायला मराठी येतंय की, पण हे नाय येत."

हे रेकॉर्डिंग आम्ही पुन्हा पुन्हा ऐकलं.

मग मेहुण्यानं दुसऱ्या एका मॅडमचा नंबर आणला. फोन लावल्यावर अण्णांनी फी विचारली नाही, डिग्री विचारली नाही, पहिला प्रश्न होता, "मॅडम, तुम्हाला तेलुगू येतं का?" त्या म्हणाल्या, "कळतं सगळं, बोलता थोडं थोडं येतं. तुम्ही तेलुगूत बोला, मी मराठीत उत्तर देते, चालेल का?" चाललं.

(दृश्य: थेरपीची खोली, रिकामी. दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, टेबलावर टिश्यूचा डबा.)

सेशन चालू असताना शूट केलेलं नाही, करणारही नव्हतो, तिथं जे बोललं जातं ते दोघांतच राहायचं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा पेशंटचा हक्क धरलाय. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढं आली तर गप्प बसता येत नाही, आणि चांगला थेरपिस्ट हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो.

खोलीतलं नसलं तरी जिन्यावरचं आहे आमच्याकडं.

(दृश्य: कारखान्याचा लोखंडी जिना. अण्णा भरभर वर, भरभर खाली, परत वर.)

हा होमवर्क आहे! डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं. शरीरात काहीतरी होतं, समजा जिना चढून धडधडलं किंवा चहा जास्त झाला, माणूस त्याचा अर्थ लावतो की हार्ट अटॅक आला, भीती वाटली की धडधड आणखी वाढते, वाढली की खात्री पटते, आणि काही मिनिटांत गाडी टोकाला. म्हणजे धडधड ही खरी आहे, नाटक नाही, फक्त तिचा लावलेला अर्थ चुकीचा. मग उपाय काय, तर धडधड मुद्दाम आणायची. जिना चढायचा, एका जागी पळायचं, खुर्चीवर गोल फिरायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, आणि ती लक्षणं अंगात असताना पळून न जाता थांबायचं, बघायचं की खरंच मरतो का. (हे घरी बघून कुणी एकट्यानं सुरू करू नका, आधी डॉक्टरकडून हृदय, दमा वगैरे तपासून आणि थेरपिस्टबरोबर.)

पहिल्या दिवशी अण्णा अर्ध्या जिन्यात बसले. मग मॅडमनी त्यांच्याकडून यादी करून घेतली, सगळ्यात कमी भीतीचं खाली, सगळ्यात जास्त वर. खाली होती मागांमधली गल्ली, माग बंद असताना. मग माग चालू असताना. मग सिटी बस, मग शनिवारची नवी पेठ, आणि सगळ्यात वर लिहिलं होतं गड्डा. प्रत्येक पायरीला एक आधार सोडायचा, आधी बाटली घरी ठेवायची, मग खिशातली गोळी, मग दार सोडून मध्ये उभं राहायचं. रोजच्या गोळ्या मात्र चालू होत्या, त्या सायकियाट्रिस्टनं हळूहळू कमी केल्या. "थेरपी चालू केलीय ना, मग गोळ्या टाका बंद करून" असं थेरपिस्ट म्हणाला तर ती उठायची वेळ समजा.

जानेवारीत गेले गड्ड्याला, दारूकाम संपेपर्यंत थांबले, धडधडलं, थांबले. रात्रपाळी पण करतात आता.

(दृश्य: भैय्या चौक, डॉ. कोटणीस स्मारक.)

हा शॉट खरं तर फक्त सुंदर आलाय म्हणून ठेवलाय. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. पण इथं उभं राहून एक हिशोब सांगावासा वाटला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत, त्यात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळं आपल्याकडं बरं चाललंय असं कुणी समजायचं तर समजा.

आणि बोलण्यानं काय होतं असं विचारणाऱ्यांसाठी गोव्याचं उदाहरण. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगत संस्थेच्या लोकांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ सेशन दिली, तेही मानसशास्त्रज्ञांनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी. तीन महिन्यांनी ज्यांना ही सेशन मिळाली त्यांच्यात ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार थोडे सुधारून मिळाले त्यांच्यात ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलंय. आता तुम्ही म्हणाल मग डिग्री कशाला बघायची? तर त्या माणसांना ठरलेली पद्धत शिकवली होती, आणि त्यांची सेशन नियमित तपासली जायची. म्हणून थेरपिस्टला विचारा की तुमचं काम कुणी बघतं का, तुम्ही अडलात तर कुणाला विचारता. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

अजून विचारा. माझ्यासारखा त्रास असलेले पेशंट बघितलेत का, पद्धत कुठली वापरणार, साधारण किती भेटी, बरं वाटतंय की नाही ते आपण मोजणार कसं, फी किती आणि एखादी भेट चुकली तर काय. भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव करतो आणि इथं मान खाली घालून बसतो. तीन सिटिंगमध्ये शंभर टक्के गॅरंटी, अंगठीत घालायचा खडा, तुमच्यापेक्षा स्वतःच्याच संसाराचं रडगाणं, नको तिथं हात, घरच्यांना परस्पर फोन, यातलं एक जरी दिसलं तरी परत जाऊ नका.

आणि हे काहीच नसून, माणूस चांगला, शिकलेला, तरीही जमत नाही असंही होतं. थेरपीवर इतकी वर्षं संशोधन झालंय, त्यात पद्धत कुठलीही असो, एक गोष्ट परत परत येते की थेरपिस्ट आणि पेशंटचं जुळलं, दोघांना कुठं जायचंय ते एकच वाटत असलं, तर गुण जास्त येतो. त्यामुळं बदलणं म्हणजे बेइमानी नव्हे.

(दृश्य: संभाजी तलाव, संध्याकाळ. लावलेल्या स्कूटीवर बसलेली मुलगी, पाठमोरी, कानात इअरफोन.)

ही इंजिनिअरिंगला आहे. घरात दोन खोल्या, माणसं सहा, त्यामुळं ऑनलाइन सेशन कंबर तलावावर. तलावाचं नाव बदलून किती वर्षं झाली पण तिच्या घरी अजून कंबर तलावच म्हणतात. पहिल्या थेरपिस्ट मोठ्या शहरातल्या, हुशार, अर्धं इंग्रजी. ही सेशनभर "हो मॅम, हो मॅम" करायची आणि इअरफोन काढल्यावर तलावाकडं बघत बसायची. सोडायचं कसं तेच कळेना, वाईट वाटेल ना त्यांना. शेवटी तिनं मेसेज टाकला, आम्हाला दाखवला, तिच्या परवानगीनं वाचतो. "मॅम, तुम्ही छान आहात पण मला तुमच्यासमोर भांडण सांगता येत नाही, आमच्या घरातलं भांडण मराठीत होतं. मला दुसरं कुणी सुचवाल का?" त्यांनी तासाभरात दोन नावं पाठवली.

(पडद्यावर पट्टी: टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं.)

फोन लावल्यावर आधी भाषा निवडायला सांगतात. घाई करू नका, आपली येईपर्यंत थांबा.