रुपयाचे वचन

काळ्या कापडावर एक रुपयाची नोट ठेवलेली आहे आणि त्या नोटेवर चांदीच्या रुपयाचे चित्र आहे: पंचम जॉर्जचा मुकुटधारी चेहरा आणि १९१७ हे साल. कागदावर नाण्याचे चित्र का छापावे लागले, या प्रश्नापासून युद्धकाळातील नोटांच्या संग्रहाला खरी सुरुवात होते. त्या काळी रुपया म्हणजे कलदार, चांदीचे नाणे, दगडावर वाजवून घेण्याची वस्तू. पहिल्या महायुद्धाने चांदीची एवढी टंचाई निर्माण केली, की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने प्रथमच एक रुपयाची कागदी नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांचीही. वाजवून पाहता न येणारा हा रुपया लोकांनी स्वीकारावा, म्हणून त्यावर ओळखीच्या नाण्याचे चित्र आले आणि मागणी करताच रुपया देण्याचे वचनही आले.

कागदी वचनाने लोकांचे समाधान झाले नाही आणि नोटा देऊन नाणी मागणाऱ्यांची रीघ लागली. अखेरीस १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली आणि ती हिंदुस्थानच्या टाकसाळींकडे आली. मुंबईची टाकसाळ आजही फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या समोर उभी आहे.

नोटा तेव्हा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. नाशिकला छपाई सुरू झाली ती १९२८ मध्ये. ‘शिराला’ नावाची अशीच एक बोट १९१८ च्या जूनअखेरीस लंडनहून मुंबईला निघाली. २ जुलै रोजी इंग्लिश खाडीतच जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला आणि बोट बुडाली. तिच्यावरील आठ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर नोटा वाहून येऊ लागल्या: पाच आणि दहा रुपयांच्या, सही न झालेल्या, आणि त्यांच्यासोबत एक रुपयाच्याही. बहुतेक नोटा अधिकाऱ्यांनी गोळा करून नष्ट केल्या, पण काही थोड्या लोकांच्या हाती राहिल्या. २५ मे १९१८ ही तारीख असलेल्या दहा रुपयांच्या अशा दोन नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. मुंबईच्या धक्क्यावर उतरायच्या त्या नोटा एका शतकानंतरही लंडनमध्येच होत्या, हे वाचले तेव्हा मला त्यांच्या किमतीपेक्षा त्या बोटीवरील आठ माणसांचाच विचार अधिक वेळ छळत राहिला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि चांदी पुन्हा घराघरांत दडली. १९४० मध्ये नाण्यातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि एक रुपयाची नोट परत आली. या वेळी कायद्याने नोटेलाच नाण्याचा दर्जा दिला होता, त्यामुळे मोबदल्यात काही देण्याचे वचन तिच्यावर असण्याचे कारणच उरले नाही. मोठ्या नोटांवर मात्र जपानी बनावट नोटांचे संकट आले. त्यांची नक्कल इतकी हुबेहूब होती, की राजाचे एका बाजूने दिसणारे चित्र बदलून समोरून दिसणारे छापावे लागले, जलचिन्ह बदलावे लागले आणि भारतीय नोटेत सुरक्षा धागा प्रथमच आला. आज आपण दुकानात नोट उजेडाकडे धरून जो धागा पाहतो, तो त्या युद्धाचा आहे.

याच नोटांच्या मागे एक मोठा अन्यायही आहे आणि संग्राहकांनी तो विसरू नये असे मला वाटते. ब्रिटनने युद्धासाठी येथून घेतलेल्या धान्याची, कापडाची, मालाची किंमत येथे नव्या नोटा छापून चुकती केली जाई आणि त्या बदल्यात लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंडांचे रोखे जमा होत. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. माल बाहेर गेला, नोटा येथे उरल्या आणि भाव भडकले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्या काळातल्या या नोटा आहेत.

आता दुसरी एक नोट पाहू. ती दहा रुपयांची आहे, पण तिच्यावर राजा नाही आणि क्रमांकही नाही. फक्त ‘बी’ने सुरू होणारी दोन अक्षरे आहेत. बी म्हणजे बर्मा, आपला ब्रह्मदेश. १९४२ मध्ये तो देश जिंकल्यावर जपानने तेथे रुपयांतच नोटा काढल्या, कारण तेथील व्यवहार रुपयांत चाले. ‘जपान सरकार मागणी करताच देण्याचे वचन देते’ असे त्यांवर इंग्रजीत छापलेले आहे. १९४५ मध्ये ब्रिटिश सत्ता परत आली आणि एका आदेशासरशी या नोटा रद्दी झाल्या. नव्या व्यवस्थेने हिंदुस्थानी नोटांवरच ‘फक्त ब्रह्मदेशात ग्राह्य’ अशा अर्थाचा लाल छाप मारला. जपानी नोटा एवढ्या प्रचंड प्रमाणात छापल्या गेल्या होत्या, की चोर बाजारात त्या आजही स्वस्तात मिळतात. विक्रेता ‘दुर्मीळ’ म्हणाला तरी नवख्याने घाई करू नये. लाल छापाच्या नोटा घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण साध्या नोटेवर नवा छाप मारणे अवघड नसते.

मुंबईतल्या पी. एम. रोडवरील रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात जुन्या नोटा शांतपणे पाहता येतात. घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पोथीत किंवा जुन्या पंचांगात अशी नोट सापडली, तर तिला इस्त्री करू नये, लॅमिनेट करू नये आणि फाटली असली तरी चिकटपट्टी लावू नये. टाचणीची भोके, घडीची काळपट रेघ, कोपऱ्यातला शाईचा आकडा हे सगळे राहू द्यावे; ती नोट कोणाच्या तरी हातून फिरली, याची तेवढीच खूण उरलेली असते.

सुरुवातीला दाखवलेली नोट माझ्या आजोबांच्या पाकिटातली आहे. मी शाळेत असताना तिची फाटलेली घडी पारदर्शक पट्टीने जोडली होती. पट्टी आता पिवळी पडली आहे, तिचा डिंक कागदात मुरला आहे आणि तो काढू गेलो तर छपाईच निघून येईल. त्या पिवळ्या पट्टीखाली ‘मागणी करताच’ या अर्थाचे इंग्रजी शब्द अजून वाचता येतात.